जिवंत तारेवरचे कामगार

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई शहर एकाएकीं थबकलें. उपनगरी आगगाड्या दोन स्थानकांच्या मध्येंच उभ्या राहिल्या, उंच इमारतींच्या लिफ्ट अडकल्या, आणि साथीच्या दिवसांत घरीं बसून कचेरीचें काम करणाऱ्या लोकांच्या डोक्यावरचे पंखे फिरावयाचे थांबले. शहराच्या कांहीं भागांत वीज परत यावयास कित्येक तास लागले. एवढ्या मोठ्या नगरीचा श्वास कोंडण्यास कारण काय झालें, याचा शोध लोक करूं लागले, तेव्हां कळवें व पडघें हीं दोन नांवें सर्वांच्या तोंडीं आलीं. या दोन ठिकाणांमधून शहराकडे येणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकीं एक वाहिनी दुरुस्तीसाठीं बंद होती. तिचा भार दुसरीवर गेला होता. आणि नेमका त्याच वेळीं दुसरीनेंही दगा दिला.

दुरुस्ती करावयाची तर आधीं बटण बंद करावें, हें घरांतल्या लहान मुलालाही शिकवावें लागतें, आणि घरापुरता हा नियम शंभर टक्के योग्य आहे. घरांतील एक दिवा दहा मिनिटें बंद राहिला तर कोणाचें अडत नाहीं. परंतु देशभर पसरलेल्या विद्युज्जालाची गोष्ट निराळी आहे. तेथें एक वाहिनी बंद केली कीं तिचें ओझें शेजारच्या वाहिन्यांनीं उचलावें लागतें. एका बैलाला सोडून गाडी दुसऱ्यावर हांकावी, तसा तो प्रकार होतो. रस्ता सपाट असेल तोंवर निभावतें. चढ लागला कीं उरलेला बैलही गुडघे टेकतो.

याचा सर्वांत मोठा अनुभव भारतास ३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन दिवशीं आला. बिना ते ग्वाल्हेर या मार्गावरील एक वाहिनी अधिक दाबासाठीं सिद्ध करण्याच्या कामास्तव बंद ठेवलेली होती. तिच्या जोडीच्या वाहिनीवर प्रमाणाबाहेर भार पडला आणि ३० तारखेस पहाटे अडीचनंतर ती आपोआप तुटून पडली. मागोमाग एकेक वाहिनी गळत गेली व उत्तर भारत अंधारांत बुडाला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच प्रकार अधिक विस्तारानें झाला, आणि सुमारें ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशांतील वीज गेली. अशा घटनांस कारणें अनेक असतात. पण एक वाहिनी दुरुस्तीसाठीं वा सुधारणेसाठीं बंद ठेवणें हाही एक धोकाच आहे, एवढा धडा त्यांतून निश्चित मिळतो. म्हणूनच वीज वाहत असतांनाच, म्हणजे जिवंत तारेवर, दुरुस्ती करण्याची विद्या निघाली. आणि त्या विद्येचा सर्वांत साहसाचा प्रकार म्हणजे हेलिकॉप्टरच्या कडेला बसून लाखों व्होल्ट दाबाच्या तारेला हात घालणें हा होय.

विजेचा दाब इतका वाढवावयाचा कशासाठीं, असा प्रश्न प्रथम मनांत येईल. विजेची शक्ति म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. तारेंत उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. तीच शक्ति दसपट दाबानें पाठविली, तर प्रवाह एक-दशांश होतो आणि नुकसान एक-शतांशावर येतें. मुंबईला हा हिशेब फार पूर्वीं पटला. १९१५ सालीं खोपोलीस टाटांचें जलविद्युत्-केंद्र सुरू झालें आणि घाटमाथ्यावर अडविलेल्या पाण्याची वीज उंच दाबाच्या तारांवरून मुंबईच्या गिरण्यांत येऊन पोंचली. पुढें जगभर दाबाची पायरी चढतच गेली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत १९६५ सालीं ७३५ किलोव्होल्टची वाहिनी वाहूं लागली. महाराष्ट्रांत १९९९ सालीं चंद्रपूरहून पडघ्यास येणारी, ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली.

आगगाडीच्या खिडकींतून दिसणारे पोलादी मनोरे आणि त्यांवरील तारा पाहून पुष्कळांची अशी समजूत असते कीं, एकदां हें उभें केलें कीं मग त्याकडे पाहावयास नको. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. त्या तारांवर रबराचें वा कापडाचें कसलेंही वेष्टण नसतें. मध्यें पोलादाचा पीळ व भोंवतीं अल्युमिनियमचे पदर, अशी ती उघडी तार असते. भोंवतालची हवा हेंच तिचें वेष्टण. मनोऱ्यापासून तिला वेगळें ठेवतात त्या चिनी मातीच्या किंवा कांचेच्या चकत्यांच्या माळा. ४०० किलोव्होल्टच्या तारेला टांगणाऱ्या माळेंत अशा सुमारें २३ चकत्या असतात. फार उंच दाबासाठीं एकाच तारेऐवजीं दोन किंवा चार तारांचा जुडगा वापरतात, व त्या एकमेकींवर आपटूं नयेत म्हणून ठराविक अंतरावर धातूचे अंतरक बसवितात. मंद वाऱ्यानेंही तारा सतंबरीच्या तारांसारख्या कांपत असतात. हें कंपन डोळ्यांना दिसत नाहीं; पण वर्षानुवर्षें चालून तें धरणीच्या जागीं अल्युमिनियमचे पदर एकेक करून तोडतें. अंतरकांचे खिळे ढिले होतात. चकत्या वीज पडून फुटतात, कोंकणच्या किनाऱ्यावर त्यांवर मिठाचा थर बसतो, उत्तरेकडे धूळ बसते आणि हिंवाळ्याच्या दाट धुक्यांत ती ओली झाली कीं तिच्यावरून वीज वाट काढते. खालीं झाडें वाढतात तीं निराळींच. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिका व कॅनडा यांच्या ईशान्य भागांत सुमारें पांच कोटि लोक अंधारांत गेले. ओहायो राज्यांत भारानें तापून खालीं झुकलेल्या तारा झाडांना लागल्या, ही त्या अनर्थाच्या आरंभींची एक गोष्ट होती.

एवढ्या तारांवर नजर ठेवावयाची आणि जेथें दोष दिसेल तेथें जाऊन तो काढावयाचा, हें काम पायीं हिंडून करणारा माणूस डोंगर, दऱ्या, दलदल आणि जंगल यांतून दिवसाकाठीं थोडेंच अंतर तुडवूं शकतो. हेलिकॉप्टर तेंच अंतर फार थोड्या वेळांत ओलांडतें, आणि हवें तेथें थांबतें. थांबतें हाच त्याचा मुख्य गुण. विमानास पुढें जाणें भाग आहे. हेलिकॉप्टर एका जागीं तरंगूं शकतें. इगोर सिकोर्स्की यांचें व्हीएस-३०० हें यंत्र सप्टेंबर १९३९ मध्यें प्रथम जमिनीवरून उचललें गेलें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हीं यंत्रें नागरी कामांसाठीं मिळूं लागतांच वीजवाहिन्यांची पाहणी हें त्यांच्या पहिल्या उद्योगांपैकीं एक ठरलें. परंतु पाहणी करणें वेगळें आणि तारेला हात लावणें वेगळें. त्यासाठीं आधीं दुसरें एक कोडें सुटावें लागलें.

तारेवर बसलेल्या चिमणीला धक्का कां बसत नाहीं, हें तें कोडें. त्याचें उत्तर शाळेंतील विद्यार्थी देतो: वीज वाहण्यास दाबांत फरक लागतो. चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात; त्या दोहोंमध्यें फरक जवळजवळ शून्य. दुसरा पाय खांबाला लागला असता तर चिमणी जगली नसती. मग माणसानेंही जमिनीशीं, मनोऱ्याशीं व दुसऱ्या तारांशीं संबंध तोडून केवळ एकाच तारेशीं संबंध ठेवला, तर त्याला काय होणार? तत्त्वतः कांहीं नाहीं. मात्र अतिउच्च दाबाच्या तारेच्या निकट जाणें हेंच एक संकट असतें. पक्षीदेखील अशा तारा सहसा टाळतात व मनोऱ्यावर किंवा सर्वांत वरच्या निर्जीव तारेवर बसणें पसंत करतात. तारेभोंवतीं विजेचा जो जोर पसरलेला असतो, त्यानें अंगावरचे केस उभे राहतात, त्वचेवर सुया टोंचल्यासारख्या वाटतात, आणि उघड्या माणसाच्या अंगांतून तापदायक प्रवाह खेळूं लागतो.

यावरचा उपाय मायकेल फॅराडे यांनीं १८३६ सालींच दाखवून ठेवला होता. त्यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १२ फूट लांबी, रुंदी व उंचीचा एक पिंजरा बांधला, त्यावर धातूचें आवरण चढविलें आणि यंत्रानें त्याला जबरदस्त विजेचा भार दिला. बाहेरून ठिणग्या उडत असतां फॅराडे स्वतः आंत जाऊन बसले; त्यांच्याजवळील अतिशय नाजूक उपकरणांनाही आंत विजेचा मागमूस लागला नाहीं. धातूच्या बंद कवचाच्या आंत बाहेरचा जोर शिरत नाहीं, हा त्याचा अर्थ. आजचा जिवंत तारेवरचा कामगार हाच पिंजरा शिंप्याकडून शिवून अंगावर घालतो, असें म्हटलें तरी चालेल. सहजासहजीं न जळणाऱ्या धाग्यांत पोलादाचे केसाहून बारीक तंतु मिसळून विणलेलें तें कापड असतें. सदरा, विजार, टोपडें, हातमोजे, पायमोजे हे सर्व एकमेकांस जोडलेले असतात. तारेशीं येणारा प्रवाह या वस्त्रांतून जातो आणि आंतील माणूस शांत राहतो. अमेरिकेंत हॅरोल्ड रोर्डन या अभियंत्यानें १९६० सालीं ही पद्धति व्यवहारांत आणली. अगोदर कामगार लांब अवाहक काठ्यांनीं दुरून काम करीत; आतां तो हातांनीं तारेला स्पर्श करूं लागला. आरंभीं त्याला वर नेण्यास अवाहक हाताची उंच गाडी असे. पुढें जेथें गाडी जाऊं शकत नाहीं अशा ठिकाणांसाठीं हेलिकॉप्टर आलें. तें जमिनीला टेकलेलें नसतें, म्हणून त्याच्याइतकें उत्तम अवाहक आसन दुसरें नाहीं.

प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहिल्याशिवाय त्यांतील कठीणपणा कळणार नाहीं. सकाळच्या शांत हवेंत, वारा उठण्यापूर्वीं, एक लहान हेलिकॉप्टर उडतें. त्याच्या खालच्या दोन धांवांवर आडवी फळी घट्ट बांधलेली असते. तिच्यावर धातूमिश्रित पोषाख घातलेला कामगार बसतो. हत्यारें त्याच्याजवळ दोरीनें अडकविलेलीं असतात, कारण सुटलेला पाना वर पात्यांत गेला तर सर्वच संपलें. फळीही धातूची, तीही यंत्राशीं जोडलेली. चालकाचें व कामगाराचें शिरस्त्राणांतील यंत्रावरून अखंड बोलणें चालू असतें. चालक तारेच्या बाजूनें हळूहळू, हातहात सरकत यंत्र आणतो. तार जवळ येऊं लागली कीं पात्यांच्या घरघरींतूनही तिचा सूं-सूं आवाज अंगाला जाणवतो. कामगार हातांतील धातूची कांडी तारेकडे पुढें करतो, आणि कांडीचें टोंक तारेला लागण्यापूर्वींच मध्यल्या हवेंतून निळसर ठिणगी तडतडत झेंप घेते. पाहणाऱ्याच्या छातींत धस्स होतें. कामगाराला ती रोजचीच असते. त्या क्षणीं हेलिकॉप्टर, त्यांतील चालक आणि बाहेरचा कामगार, हे सर्व तारेच्या दाबाला जाऊन पोंचतात. भारतांत हा दाब सेकंदास ५० वेळां आणि अमेरिकेंत ६० वेळां उलटसुलट होतो. त्याबरोबर त्या यंत्राच्या अंगावर विजेचा भार तितक्याच वेळां चढतो व उतरतो. म्हणून कांडी तारेपाशीं ठेवतात तोंवर ठिणगी थांबत नाहीं. कामगार चपळाईनें एक चिमटा तारेला लावतो. चिमटा बसला कीं ठिणगी विझते, तडतड थांबते, आणि चार लाख व्होल्टच्या तारेवर एक विलक्षण शांतता येते. आतां तो साध्या पान्यानें नट पिळूं लागतो, जणुं अंगणांतल्या पंपाचीच दुरुस्ती चालली आहे.

या चिमट्याविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तो मुद्दाम असा केलेला असतो, कीं जरा जोरानें ओढला तर सुटावा. कामगार विजेनें तारेशीं जोडलेला असतो. त्याचा पट्टा मात्र तारेला बांधलेला नसतो, तो हेलिकॉप्टरला बांधलेला असतो. फळीवर बसलेल्या माणसानें स्वतःला किंवा यंत्राला कशानेंही तारेशीं पक्कें बांधूं नये, हा नियम अत्यंत कडक आहे. कारण वाऱ्याचा झोत आला किंवा यंत्रांत बिघाड झाला, तर चालकाला त्याच क्षणीं बाजूला निघून जातां आलें पाहिजे. त्या वेळीं गांठ सोडावयास अवसर नसतो. कामगाराचा जीव त्या मिनिटांत संपूर्णतः चालकाच्या हातांत असतो, आणि चालकाचाही जीव कामगाराच्या हातांत असतो. कारण त्यानें लांब हत्यार चुकून शेजारच्या दुसऱ्या तारेच्या दिशेनें पुढें केलें, तर दोन तारांमधील हवेचें अंतर कमी होतें, आणि मग ठिणगी कांडीपुरती राहत नाहीं. कधीं कामगाराला फळीवरून उतरून प्रत्यक्ष तारेवरच राहावें लागतें. तेव्हांही तो एकदम उडी मारीत नाहीं. त्याचें वजन एका कडेवरून निघालें कीं यंत्राचा तोल बदलतो, आणि तो सांवरण्यास चालकाला वेळ द्यावा लागतो.

विजेचा धोका ऐकून श्रोत्यांना वाटेल कीं, या उद्योगांत वीज हीच मुख्य वैरीण असेल. या कामांतले जाणते लोक वेगळें सांगतात. विजेचे नियम ठरलेले आहेत व ते पाळले तर ती वचनाला जागते. वारा तसा नाहीं. आणि त्याहून कठीण गोष्ट ही, कीं हेलिकॉप्टर ज्या उंचीवर आणि ज्या स्थितींत हें काम करतें, तीच त्याची सर्वांत असहाय अवस्था असते. उडत्या हेलिकॉप्टरचें इंजिन बंद पडलें तरी तें दगडासारखें पडत नाहीं. खालून वर येणाऱ्या हवेनें त्याचीं पातीं जत्रेंतल्या भिरभिऱ्यासारखीं फिरत राहतात, आणि कुशल चालक त्या फिरण्याच्या जोरावर यंत्र जमिनीवर उतरवूं शकतो. परंतु त्यासाठीं एक तर पुरेशी उंची हवी, नाहीं तर पुढें जाण्याचा वेग हवा. वाहिनीजवळ तरंगणाऱ्या यंत्रापाशीं वेग शून्य असतो आणि उंची असते पन्नास-साठ मीटर. पात्यांना पुरेशी हवा मिळण्यापूर्वींच जमीन येते. शिवाय खालीं मोकळें मैदान नसतें, तारा असतात. प्रत्येक चालकाच्या यंत्राच्या पुस्तकांत उंची व वेग यांची एक आकृति दिलेली असते, आणि तिच्यांतील एक भाग टाळावा असें तेथें सांगितलेलें असतें. वाहिनीचा चालक आपलें कामाचें आयुष्य त्याच भागांत घालवितो.

त्यांतच डोळ्यांची फसगत. सर्वांत वरची, वीज न वाहणारी संरक्षक तार मुख्य तारेहून बारीक असते. ढगांच्या किंवा डोंगराच्या पार्श्वभूमीवर ती दिसतच नाहीं. म्हणून सराईत चालक तार शोधीत नाहीं. तो मनोरे पाहतो आणि त्यांवरून तारा कोठें असल्याच पाहिजेत हें ताडतो. मागच्या लहान पंख्याकडे त्याला पाहतां येत नाहीं. तो कोठें आहे हें त्याला अंगवळणीं पडलेल्या अंदाजानें ठेवावें लागतें. मोठ्या पात्याचें टोंक व तार यांमध्यें जें अंतर असतें, तें खोलींतल्या दोन खुर्च्यांमधील अंतराएवढेंही कधीं कधीं नसतें. अशा स्थितींत तो मिनिटांमागून मिनिटें एक हात इकडे न तिकडे असा थांबतो. घट्ट पकडलेल्या दांड्यानें यंत्र स्थिर राहत नाहीं. बोटें हलकीं ठेवून प्रत्येक क्षणीं थोडें थोडें सांवरीत राहावें लागतें. या श्रमानें मन लवकर थकतें, म्हणून पाळ्या ठरलेल्या असतात. पाऊस, गडगडाट, धुकें वा जोराचा वारा असला तर काम बंद. खरा अनुभवी माणूस कोणता, तर ज्याला ‘आज नको’ असें म्हणण्याची लाज वाटत नाहीं तो.

अशाच प्रकारचें दुसरें काम म्हणजे चकत्यांच्या माळा धुणें. विजेवर पाणी मारूं नये, हेंही घराघरांत सांगितलेलें शहाणपण. पण येथें लाखों व्होल्टच्या माळेवर हेलिकॉप्टरमधून पाण्याची धार सोडतात. त्याचें रहस्य पाण्यांत आहे. वीज वाहून नेतात ते पाण्यांत विरघळलेले क्षार; ते काढून टाकलेलें शुद्ध पाणी विजेला फारच थोडी वाट देतें. धारही ठराविक दाबाची व ठराविक अंतरावरून असावी लागते. गृहिणी भिंत धुते ती वरून खालीं. टांगलेली माळ मात्र खालून वर धुतात. वरून आरंभ केला तर मळकट खारट पाणी खालच्या अजून न धुतलेल्या चकत्यांवर ओघळतें, आणि त्या ओघळावरूनच वीज मनोऱ्याकडे धांवते. भिंतीवर उलट क्रमाचा फार तर एक डाग राहील. येथें वाहिनीच पडते.

भारतांत जिवंत तारेवरचें काम नवें नाहीं. बंगळूरजवळ त्याचें शिक्षण देणारी संस्था आहे, आणि ठिकठिकाणचे कामगार अवाहक दोर, काठ्या व शिड्या घेऊन मनोऱ्यांवर चढून तें करीत आले आहेत. हेलिकॉप्टरचा उपयोग वाहिन्यांच्या पाहणीसाठीं येथेंही झाला आहे. वाहिनी उभारण्याच्या कामींही त्यानें मोठी मदत केली. जम्मूंतील सांबा येथून काश्मीरमधील अमरगढपर्यंत जाणारी ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०१८ सालीं पुरी झाली. पीर पंजालच्या उंच कड्यांवर, जेथें रस्ताच नाहीं तेथें, मनोऱ्यांचे भाग नेण्यासाठीं अवजड ओझें उचलणारें हेलिकॉप्टर लावण्यांत आलें. एरवीं जें पोलाद माणसांच्या व खेंचरांच्या पाठीवरून न्यावें लागलें असतें, तें लोंबत्या दोरावरून शिखरावर पोंचलें.

येथें एक शंका रास्त आहे. यंत्रें इतकीं पुढें गेलीं असतां माणसाला अशा जागीं बसवावेंच कां? या शंकेचें थोडें उत्तर कृतींतून मिळूं लागलें आहे. लहान चालकरहित ड्रोन पुष्कळ पाहणी करतात. उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यानें ढिला सांधा दुरूनच ओळखतां येतो, कारण तो शेजारच्या तारेहून अधिक तापलेला असतो. क्वेबेकमधील वीजसंस्थेच्या संशोधकांनीं जिवंत तारेवरून सरपटत जाणारें व अडथळे ओलांडणारें एक यंत्रही तयार केलें आहे. हीं साधनें जेवढीं वाढतील तेवढें बरें. कारण ज्या पाहणीसाठीं पूर्वीं दोन जीव वर जात होते, तीं आतां एका लहानशा खेळण्यासारख्या यंत्रावर भागते. परंतु गंजलेला नट कोणत्या बाजूनें सुटेल, तुटलेले पदर कितपत खोल गेले आहेत, जुना अंतरक काढतांना तार कशी उसळेल, हें अजून पुष्कळ ठिकाणीं हातालाच कळतें. म्हणून पाहण्याचें काम यंत्राकडे जात आहे, आणि हात लावण्याचें काम अद्याप माणसाकडे उरलें आहे.

तोंपर्यंत समाजानें कांहीं गोष्टींची आठवण ठेवणें योग्य होईल. हें काम शौर्याचें आहे, पण त्याची किंमत शौर्यावर सोडून चालत नाहीं. उत्तम पोषाख, नीट राखलेलें यंत्र, विश्रांतीचे तास, आणि हवा वाईट असल्यास काम थांबविण्याचा कामगाराचा अधिकार, यांवर होणारा खर्च हा विजेच्या दराचाच एक भाग आहे. दर कमी करण्यासाठीं तो छाटला, तर बचत कोणाच्या जिवावर झाली हें विचारावें लागेल. दुसरी गोष्ट घराजवळची. संक्रांतीच्या दिवसांत तारेंत अडकलेला पतंग, मनोऱ्याच्या पायथ्याशीं वाढूं दिलेलें झाड, वाहिनीखालीं चढविलेला मजला, यांतील प्रत्येक गोष्ट कधीं ना कधीं एका माणसाला वर चढावयास लावते. वाहिनीच्या खालची जागा मोकळी ठेवणें हा कायद्याचा जुलूम नसून वर काम करणाऱ्याच्या जिवाची काळजी आहे.

खोपोलीची वीज मुंबईस आली त्याला शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. त्या काळीं दिवा लागला कीं घरांतील वडीलधारीं माणसें हात जोडीत. आतां दिवा लागण्याचें कोणाला नवल वाटत नाहीं, आणि तसें न वाटणें हेंच त्या तारांवर खपणाऱ्या लोकांचें यश आहे. त्यांचें काम चांगलें झालें कीं तें कोणाच्याही लक्षांत येत नाहीं. दिवेलागणीच्या वेळीं बटण दाबतांना कधीं तरी क्षणभर मनांत यावें, कीं आज सकाळीं, वारा उठण्यापूर्वीं, कोठें तरी एका फळीवर बसून कोणी एक नट पिळला, चिमटा सोडला, पुन्हां एकदां ती निळी ठिणगी तडतडली, आणि चालकानें यंत्र हळूच बाजूला घेतलें. खालीं गांवांतले दिवे त्या वेळीं लुकलुकलेसुद्धां नाहींत.